मुंबईतली ट्राम विजेवर धावणार होती, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेला अलिबागला जावं लागलं

‘मी काय अलिबागहून आलोय का?’ हा डायलॉग मुंबईत ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. अलिबागकरांना तो इतका झोंबतो की त्यावर बंदी घाला म्हणून एक याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. पण गंमत अशी की मुंबईतली एक अख्खी वैज्ञानिक संस्था १२० वर्षांपूर्वी मुंबईहून अलिबागला गेली आणि तिथलीच झाली. तिला पळवून लावणारी गोष्ट होती ट्राम.

हवामान, ट्राम आणि रेडिओ या तीन गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर सुचणार नाही. हवामानशास्त्रज्ञांमध्ये मात्र या तिन्हींचा नाद असलेली माणसं बऱ्याचदा सापडतात. आकाशात काय चाललंय ते बघायचं, गाड्या कशा धावतात ते बघायचं आणि हवेतून सिग्नल कसा येतो ते बघायचं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या गोष्टीत हे तिन्ही धागे खरोखर एकत्र येतात. या गोष्टीचा नायक आहे एक पारशी शास्त्रज्ञ, डॉ. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस.

आधी कुलाबा वेधशाळा म्हणजे काय ते पाहू

आज कुलाबा म्हटलं की ‘कुलाब्यात आज इतके मिलिमीटर, सांताक्रूझला तितके मिलिमीटर’ एवढंच आठवतं. पण ही वेधशाळा पावसासाठी सुरू झालेली नाही. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ती बांधली ती मुख्यतः खगोलशास्त्र आणि अचूक वेळ यासाठी. बंदरात येणाऱ्या जहाजांना आपली घड्याळं बरोबर लावून घ्यावी लागत. घड्याळ चुकलं की समुद्रात आपण नेमके कुठे आहोत याचा हिशेब चुकतो, आणि तो चुकला की जहाज खडकावर.

१८४० च्या दशकात इथे आणखी एक काम सुरू झालं, ते म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी. आपल्या पायाखालची पृथ्वी एक मोठा लोहचुंबक आहे हे शाळेत शिकवलेलं असतं. शाळेत जे सहसा सांगत नाहीत ते असं की या चुंबकाची ताकद रोज, दर तासाला थोडी थोडी बदलत असते. दुपारी वेगळी, रात्री वेगळी. आणि सूर्यावर काही बिघडलं की एकदम हलते.

हे मोजायचं तंत्र साधं आणि नाजूक होतं. एका बारीक धाग्याला लोहचुंबक टांगायचा, त्याला छोटा आरसा लावायचा. चुंबक केसभर जरी वळला तरी आरशातून परत येणारा उजेड लांबच्या पट्टीवर ठळकपणे सरकतो. सुरुवातीची वर्षं हे आकडे माणसं डोळ्यांनी वाचून वहीत लिहायची. दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. साधारण १८७२ पासून हे काम फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप व्हायला लागलं. फिरत्या ड्रमवर कागद गुंडाळायचा आणि उजेडाचा ठिपका त्यावर रेघ ओढत राहायचा.

ही नोंद अखंड ठेवणं हीच तिची किंमत. मधली पाच वर्षं गेली तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ इथेच होणार आहे.

२ सप्टेंबर १८५९, सकाळची वेळ

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. अचानक त्याला एका डागाजवळ झगझगीत पांढरा उजेड दिसला. काही मिनिटांत तो विझला. सूर्यावरच्या स्फोटाची ही पहिली नीट नोंद मानली जाते.

पुढच्या दिवशी पृथ्वीवर गोंधळ उडाला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांच्या तारांमध्ये ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी तार चालू राहिली, कारण तारांमध्ये आकाशातून आलेल्या गडबडीमुळेच वीज तयार होत होती. एरवी ध्रुवाजवळ दिसणारे आकाशातले रंगीत प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसले.

मुंबईत तेव्हा दिवस होता, त्यामुळे आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं. पण कुलाब्याच्या वेधशाळेत ड्यूटीवर असलेल्या माणसांना टांगलेला चुंबक वेड्यासारखा वागताना दिसला. एरवी तासाला एक नोंद घ्यायची पद्धत. गडबड दिसली की ते पंधरा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनीसुद्धा आकडे लिहायचे. त्यांनी लिहिले. सकाळी ११ च्या सुमारास चुंबकीय क्षेत्राची आडवी ताकद सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली होती.

१६०० म्हणजे किती? मुंबईत ही आडवी ताकद साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्लांच्या घरात असते. म्हणजे जवळपास ४ टक्के घट. कमी वाटेल, पण एका शांत दिवशी होणारा चढउतार फक्त चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा असतो.

त्या दिवशी जगातल्या बऱ्याच वेधशाळांची यंत्रं मोजपट्टीच्या बाहेर गेली होती. त्यातल्या बऱ्याच उत्तरेकडच्या होत्या, ध्रुवाजवळच्या प्रकाशामागे वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहांच्या फार जवळ. विषुववृत्ताजवळही वेगळी अडचण असते. चुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं आणि त्याच्या डोक्यावर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक पट्टा वाहत असतो. मुंबई या दोन्हींच्या मध्ये. त्यामुळे सौर वादळाने पृथ्वीभोवती जे कडं तयार होतं त्याचा परिणाम मोजायला कुलाबा ही मोक्याची जागा ठरली.

तरी या आकड्यांकडे जगाचं लक्ष नीट जायला जवळपास दीडशे वर्षं लागली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि सहकाऱ्यांनी, ज्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञही होते, कुलाब्याच्या जुन्या नोंदी वापरून १८५९ च्या वादळाची ताकद काढली. त्यानंतर वाद झाले. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच खाली येतो, साधारण ८५० ते १०५० च्या आसपास. पण वाद घालायलाही आकडे लागतात, आणि ते कुलाब्यात लिहिलेले होते.

तुलना हवी असेल तर मार्च १९८९ चं वादळ घ्या. त्यात कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वीज गेली, सुमारे ६० लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. त्याचा आकडा होता ५८९. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेतून आकाश लाल झाल्याचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. ते साधारण ४०० चं वादळ होतं. आज १८५९ सारखं काही आलं तर विजेच्या ग्रिडचं काय होईल, हा हिशेब करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच कुलाब्याच्या त्या पानांकडे परत परत जातात.

योगायोग म्हणजे नानाभाई मूस यांचा जन्मही १८५९ चाच.

मग आली ट्राम

९ मे १८७४. मुंबईत पहिल्यांदा ट्राम धावली. दोन मार्ग होते, एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून पायधुणीला. ट्राम ओढायला घोडे. कुलाबा ते पायधुणी भाडं ३ आणे. कंपनीच्या तबेल्यात त्यावेळी सुमारे ९०० घोडे होते असं सांगितलं जातं.

घोड्यांच्या ट्रामचा वेधशाळेला त्रास नव्हता. घोड्याच्या पायातली नाल लोखंडाची असली तरी तो काही लांबच्या चुंबकाला हलवू शकत नाही.

पण १९०० च्या आसपास जगभरातल्या शहरांत विजेची ट्राम येत होती. मुंबईतही विजेची ट्राम येणार हे ठरलं. शहरासाठी आनंदाची गोष्ट, कारण घोडे दमायचे, उन्हाळ्यात मरायचे आणि रस्त्यावर लिद पडायची ती वेगळीच.

वेधशाळेसाठी मात्र ही धोक्याची घंटा होती. का, ते समजून घ्यायला थोडं फिजिक्स लागेल, पण दहावीपर्यंतचंच.

विजेच्या ट्रामला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळते. ती मोटरमधून जाते आणि रुळांतून पॉवर हाऊसकडे परत जाते. ही डीसी वीज असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. आणि जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आता हिशेब करू. एका लांब सरळ तारेतून १०० अँपिअर वीज वाहत असेल तर १ किलोमीटर अंतरावर सुमारे २० नॅनोटेस्ला इतकं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शांत दिवसाचा अख्खा चढउतार चाळीस-पन्नास. म्हणजे एका ट्रामने निम्मा दिवस खाल्ला.

‘पण जाणारी आणि परत येणारी वीज एकमेकींना रद्द करत नाही का?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर शाब्बास. सगळी वीज रुळांतूनच परत गेली असती तर बऱ्यापैकी रद्द झाली असती. पण रूळ जमिनीवर पडलेले असतात. वीज रुळांतून झिरपते, ओल्या मातीतून, पाण्याच्या लोखंडी नळांतून वाटेल तशी पसरत परत जाते. मुंबईसारख्या तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या, चार महिने चिंब असणाऱ्या शहरात ती कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. त्यात ट्राम थांबते, सुटते, ब्रेक मारते. दर वेळी प्रवाह बदलतो. चुंबकाची रेघ दिवसभर थरथरत राहणार आणि रात्री ट्राम बंद झाल्यावरच शांत होणार. सूर्याने काय केलं आणि ट्रामच्या ड्रायव्हरने काय केलं हे त्या रेघेत वेगळं काढणं अशक्य.

हे फक्त मुंबईत झालं नाही. कॅनडात टोरांटोच्या चुंबकीय वेधशाळेला ट्राममुळे १८९८ मध्ये शहराबाहेर ॲजिनकोर्टला जावं लागलं. लंडनजवळच्या क्यूचं चुंबकीय काम स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूर नावाच्या निर्जन जागी गेलं, तिथली वेधशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. जर्मनीत पॉट्सडॅमचं काम सेडिनला गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रामच्या पुढे पुढे पळणाऱ्या वेधशाळांची एक रांगच होती.

नानाभाई मूस यांनी काय केलं?

मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. त्यांच्या आधी चार्ल्स चेंबर्स यांनी तीस वर्षं वेधशाळा सांभाळली होती. मूस यांच्या वाट्याला हवामान, चुंबकत्व आणि भूकंप असा तिहेरी कारभार आला. १८९८ मध्ये कुलाब्यात भूकंपमापक बसला तोही त्यांच्याच काळात.

ट्रामची बातमी आल्यावर त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. ट्राम थांबवायची, हे शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. मोजणी बंद करायची, म्हणजे साठ वर्षांची नोंद तोडायची. किंवा चुंबक घेऊन दुसरीकडे जायचं.

तिसरी वाट सोपी वाटते, पण नवी जागा फार लांब असून चालत नाही. चुंबकीय क्षेत्र जागेप्रमाणे बदलतं. पुण्यात किंवा नागपुरात गेलात तर कुलाब्याच्या जुन्या आकड्यांशी सांधा जुळणार नाही. फार जवळ गेलात तर ट्राम उद्या तिथेही येईल. समुद्र मध्ये असलेला बरा, कारण समुद्रावरून ट्राम येत नाही.

अलिबाग या सगळ्यात बसलं. कुलाब्याहून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला आणि थोडं पूर्वेला, खाडीपलीकडे.

एक मजेची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा किल्ला कुलाबा. तो ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, मग रायगड झालं. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून उठली आणि कुलाब्यात जाऊन बसली.

लोखंडाचा खिळाही चालणार नाही अशी इमारत

अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये उभी राहिली. ती बांधणाऱ्या गवंड्यांना आणि सुतारांना काम विचित्रच वाटलं असेल. कारण इमारतीत लोखंड अजिबात नको होतं. पोरबंदरचा दगड तपासून घेतला, कारण आपल्याकडचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू तांब्या-पितळेचे. ज्या इमारतीत सतत नोंद करणारी यंत्रं ठेवायची होती तिला आत आणखी एक खोली, दुहेरी भिंतींची, म्हणजे आतलं तापमान फारसं हलू नये. चुंबकाची ताकद तापमानाने बदलते, आणि कोकणातला मे महिना काय असतो ते सांगायला नको. दुसरी इमारत वेगळी ठेवली, तिथे अधूनमधून प्रत्यक्ष अचूक मोजमाप घ्यायचं आणि पहिल्या इमारतीतल्या यंत्रांची बरोबर-चूक तपासायची.

अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना आजही खिशातल्या किल्ल्या, चष्म्याची फ्रेम, पट्ट्याचं बक्कल याचं भान ठेवावं लागतं. काही मीटरवर कुणी मोटार उभी केली तरी आकड्यात कळतं.

पण मूस यांचं खरं शहाणपण इमारतीत नव्हतं. त्यांनी कुलाब्यातली यंत्रं लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. इकडे कुलाबा, तिकडे अलिबाग, तोच दिवस, तोच तास. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फरक किती तो कळला, आणि एकदा फरक कळला की जुनी मालिका नव्या मालिकेला शिवता आली. घर बदलताना जुन्या घराचं भाडं दोन वर्षं जास्त भरण्यासारखा हा खर्च. सरकारी कारभारात तो मंजूर झाला हेच विशेष.

मग ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. चुंबक तोवर अलिबागला सुखरूप पोहोचले होते.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन भागांत छापल्या. पहिल्यात यंत्रं आणि आकडे, दुसऱ्यात त्या आकड्यांचा अर्थ. चुंबकीय वादळ आलं की आधी ताकद झटकन वाढते, मग खोल खाली जाते आणि नंतर दिवसेंदिवस हळूहळू सावरते, हा नमुना अनेक वादळांची सरासरी काढून त्यांनी दाखवला. पुढे या विषयातलं मोठं नाव झालेल्या सिडनी चॅपमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कामाची दखल घेतली. हातात कॅल्क्युलेटर नसताना साठ वर्षांचे तासातासाचे आकडे बेरीज-वजाबाकी करून मांडणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. १९१९ पर्यंत मूस संचालक होते. मुंबईत त्यांचं नाव माहीत असलेली माणसं आज बोटावर मोजण्याइतकी असतील, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

समजा ट्राम आली नसती तर?

तरी जावं लागलंच असतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. ५ जानेवारी १९२८ ला पश्चिमेकडच्या मार्गावरही विजेची लोकल सुरू झाली, आणि ती कुठून सुटायची? कुलाब्याहून. तेव्हा पश्चिमेचं टोक चर्चगेट नव्हतं, कुलाबा स्टेशन होतं. ते १९३० च्या अखेरीस बंद झालं. म्हणजे काही वर्षं डीसी लोकल जवळजवळ वेधशाळेच्या दारात येत होती.

ट्राम तर ३१ मार्च १९६४ ला संपली. बोरीबंदर ते दादर शेवटची फेरी बघायला रस्त्यावर गर्दी लोटली होती. ज्या ट्राममुळे वेधशाळा गेली ती ट्राम गेली, वेधशाळा अलिबागला राहिली.

लोकलचं डीसी प्रकरण २०१२ ते २०१६ या काळात संपलं. पश्चिम, मध्य आणि हार्बर मार्ग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर गेले. एसी वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे हळू बदलणारं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्यांना तिचा त्रास डीसीपेक्षा कमी. मुंबई आणि पुण्याची मेट्रोही एसीवर आहे. कोलकाता आणि बेंगळुरूच्या मेट्रोला मात्र रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट डीसी मिळते. ही माहिती मेट्रोत बसून मित्राला सांगितलीत तर तो उठून दुसऱ्या डब्यात जाईल, पण चुंबकीय वेधशाळा कुठे बांधायची हे ठरवणाऱ्याला ती महत्त्वाची.

यात रेडिओ कुठून आला?

मूस यांचा ग्रंथ छापला जात होता तेव्हा रेडिओ म्हणजे जहाजांवरचं बिनतारी यंत्र एवढंच होतं. १९०१ मध्ये मार्कोनीचा सिग्नल अटलांटिक ओलांडून गेला तेव्हाच लोकांना प्रश्न पडला होता. पृथ्वी गोल, रेडिओ लहरी सरळ जाणाऱ्या, मग सिग्नल वळला कसा? उत्तर होतं आकाशात. वर साधारण १०० किलोमीटर आणि त्यापुढे हवेचा विजेने भारलेला थर आहे, आयनांबर. लहरी त्यावर आपटून खाली येतात. एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये प्रयोग करून हा थर असल्याचं दाखवलं.

आणि हा थर बिघडवतो कोण? सूर्य. म्हणजे ज्या वादळाने कुलाब्याचा चुंबक हलायचा त्याच वादळाने शॉर्टवेव्ह रेडिओ बसायचा. सूर्यावर मोठा स्फोट झाला की सुमारे आठ मिनिटांत त्याचे क्ष-किरण पोहोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचा शॉर्टवेव्ह अचानक मुका होतो. मुख्य वादळ एक ते तीन दिवसांनी येतं आणि मग रेडिओ कित्येक तास, कधी दिवसभर, धड लागत नाही. घरातल्या आजोबांनी बीबीसी किंवा रेडिओ सिलोन लावताना ‘आज स्टेशन पकडत नाहीये’ म्हणत रेडिओला थापड मारली असेल, तर त्यातल्या काही वेळा दोष रेडिओचा नव्हता.

जमिनीजवळच्या हवामानाचा आवाजही रेडिओत येतो. मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या पावसाआधी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा. मधे मधे कडकड, खरखर येईल. ती दूर कुठेतरी पडणाऱ्या विजेची. या खरखरीचा धंदा बनवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट वॉटसन-वॉट. ब्रिटनच्या हवामान खात्यात त्याचं काम होतं वीज पडल्यावर येणारे रेडिओ सिग्नल पकडून वादळ कुठे आहे ते शोधायचं, म्हणजे विमानांना इशारा देता येईल. पुढे २६ फेब्रुवारी १९३५ ला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने डॅव्हेंट्रीच्या बीबीसी शॉर्टवेव्ह प्रक्षेपकाच्या लहरी एका विमानावर आपटून परत येतात हे दाखवलं. त्यातून ब्रिटनचं रडार आलं. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांना पडद्यावर पावसाचा कचरा दिसायचा, तो त्यांना नको असायचा. हवामानवाल्यांना नेमका तोच हवा होता.

कुलाब्यात आज जे डॉप्लर रडार फिरतं ते याच कुटुंबातलं. त्याची गरज मुंबईला २६ जुलै २००५ ने शिकवली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्यात जेमतेम ७४. एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरवर. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला खिडकीतून काही विशेष दिसलं नाही. तो नेहमीच्या वेळी लोकल पकडायला निघाला आणि रात्रभर रुळावर अडकला. मोजणारं यंत्र चुकलं नव्हतं, ते चुकीच्या ठिकाणी होतं. २०२२ मध्ये उत्तरेकडे वेरावलीला दुसरं डॉप्लर रडार सुरू झालं ते त्यासाठी.

रेडिओचा आणि कुलाब्याचा आणखी एक धागा आहे. १९२३ मध्ये मुंबईतल्या हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, म्हणूनच हा दिवस आजही राष्ट्रीय प्रसारण दिन मानतात. कंपनी तीन वर्षांत बुडाली, रेडिओ राहिला. कुलाब्यात समुद्राकाठी रेडिओ क्लब नावाची इमारत अजून आहे. रेडिओ कुठेय विचाराल तर वेटर मेन्यूकार्ड आणून देईल.

आज काय परिस्थिती आहे?

कुलाब्यात हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. चुंबकत्वाचं काम १९७१ मध्ये वेगळं होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली. ही संस्थाही बरीच वर्षं कुलाब्यातच होती, आता तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत. फोटोच्या कागदाची जागा डिजिटल यंत्रांनी घेतली, आकडे जगभर जातात. १८४६ पासूनची मालिका चालू आहे. एवढी लांब, शिवण घातलेली नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

सूर्यावर नजर ठेवायला भारताने आदित्य एल-१ हे यान पाठवलं, त्यावरही चुंबकमापक आहे. उड्डाणाची तारीख होती २ सप्टेंबर २०२३. कुलाब्याचा चुंबक हलला त्याला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती. हे कुणी ठरवून केलं नसावं.

अलिबागला मात्र आता वेगळीच काळजी आहे. मुंबईकरांचे बंगले, रिसॉर्ट, वीकेंडच्या गाड्या, मांडव्यापर्यंत येणारी रो-रो. गाव वाढतंय. प्रवासी रेल्वे पेणपर्यंत आहे. तिथून अलिबागकडे मालगाडीचा रूळ गेला आहे, थळच्या खत कारखान्यासाठी. त्यावर प्रवासी गाडी चालवा ही अलिबागकरांची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. एसटीच्या गर्दीत उभं राहून पेण गाठणाऱ्याला चुंबकाच्या रेघेचं कौतुक सांगून उपयोग नाही. तेव्हा मुंबईच्या प्रवाशांना ट्राम मिळाली आणि वेधशाळेला नवी जागा, दोघांचंही भागलं. कारण विजेची ट्राम यायच्या तीन वर्षं आधी कुणीतरी नकाशा काढून बसलं होतं.

अलिबागला गेलात तर किनाऱ्याच्या रस्त्यावर वेधशाळेची पाटी दिसेल. आत सहसा सोडत नाहीत. आणि सोडलंच, तर फोन आणि बाईकची किल्ली बाहेर ठेवावी लागेल.